मडकं कुणाचं, नाव कुणाचं?

पॉटरी वर्कशॉप्सची सध्या चलती आहे. पण चाकावर बसलेल्या एकाला आपण ‘आर्टिस्ट’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘कुंभार’. हा फरक मातीत आहे, हातात आहे, की आपल्या डोक्यात? गेल्या शतकभरात जगभरच्या कुंभारांनी या प्रश्नाशी केलेल्या झटापटीची ही गोष्ट.

तुम्ही आत्ता फोन उघडून पाच मिनिटं रील्स बघितल्यात, तर एक तरी चाक फिरताना दिसेलच. ओल्या मातीचा गोळा, त्यावर दोन हात, मागे संथ संगीत. ‘सो सॅटिस्फाइंग’ म्हणत आपण ते रील चौघांना फॉरवर्डही करतो. ‘घोस्ट’ सिनेमातला चाकावरचा तो सीन १९९०चा, म्हणजे तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. पण त्याची नक्कल अजून चालू आहे. मुंबई-पुण्यात वीकेंड वर्कशॉप्स भरतात. एप्रन घालायचा, दोन-तीन तास मातीत हात घालायचे, एक वाकडा मग बनवायचा आणि काही दिवसांनी तो भाजून हातात आला की स्टोरी टाकायची. मजा येते, यात वादच नाही.

आता दिवाळीच्या आधीचा रस्ता आठवा. फुटपाथवर पणत्यांचा ढीग, शेजारी मावशी बसलेल्या. ‘डझनाचे केवढे? एवढे? अहो, मातीच्याच तर आहेत!’ हे वाक्य तुम्ही ऐकलंय. कदाचित म्हटलंही असेल.

स्टुडिओतला मग आणि फुटपाथवरची पणती, दोन्ही मातीचेच. दोन्ही चाकावर घडू शकतात, दोन्ही भट्टीतून निघतात. तरी एकाच्या बुडाशी करणाऱ्याची सही असते आणि दुसरीच्या बुडाशी फक्त माती. एकाच्या किमतीवर आपण घासाघीस करत नाही आणि दुसरीवर केली नाही तर चुकल्यासारखं वाटतं. एक ‘कला’, दुसरी ‘कारागिरी’. ही रेघ कुणी ओढली?

रेघ नव्हती तेव्हा

आपल्याकडच्या जुन्या चौसष्ट कलांच्या यादीत गाणं आहे, चित्र आहे. पण सुतारकाम आणि स्वयंपाकही आहे. म्हणजे अमुक ती उच्च कला आणि तमुक ते नुसतं हातकाम, अशी फाळणी त्या यादीत नाही.

गावगाड्यात कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक. माठ, रांजण, गाडगी, चुली तोच देणार. घटस्थापनेचा घट त्याचा, संक्रांतीची सुगडं त्याची, लग्नातली मडक्यांची उतरंड त्याची आणि शेवटच्या प्रवासात खांद्यावरून नेतात ते मडकंही त्याचंच. बदल्यात सुगीला धान्य. भांड्यावर सही करायचा प्रश्नच नव्हता. कुणी घडवलंय ते अख्ख्या गावाला माहीत असायचं.

पण हे चित्र फार गोड करून बघायला नको. कुंभाराच्या पोटी जन्मलेल्याने चाकच फिरवायचं, हे आधीच ठरलेलं. शिवाय बऱ्याच ठिकाणी कुंभाराघरच्या बायकांनी माती कालवायची, मळायची, भांडी रंगवायची. चाकाला मात्र हात लावायचा नाही. तेव्हा रेघ होतीच, फक्त ती दुसरीकडून जात होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारखाना आला आणि हात वेगळे झाले

कला आणि कारागिरीची आजची फारकत मोठ्या प्रमाणात युरोपातल्या कारखान्यांनी घडवली. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुडने १७६९मध्ये स्टॅफर्डशायरला ‘इट्रुरिया’ नावाचा कारखाना काढला. तिथे एकजण माती तयार करणार, दुसरा भांडं घडवणार, तिसरा कान जोडणार, चौथा नक्षी रंगवणार. डिझाइन काढायला जॉन फ्लॅक्समनसारखे नावाजलेले शिल्पकार. माल देखणा, स्वस्त आणि एकसारखा. मात्र विचार करणारं डोकं एकीकडे आणि घडवणारे हात दुसरीकडे, अशी वाटणी त्यात पक्की झाली. डिझाइन काढणाऱ्याचं नाव राहिलं, घडवणाऱ्याचा हजेरीपट.

एकोणिसाव्या शतकात जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांनी याविरुद्ध आवाज उठवला. हाताने काम करण्यातला आनंद कारखान्याने माणसाकडून काढून घेतला, असं त्यांचं म्हणणं. त्यातून ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळ उभी राहिली. मॉरिसची अडचण अशी झाली की त्याच्या वर्कशॉपमधल्या सुंदर, हातच्या वस्तू श्रीमंतांनाच परवडायच्या. सगळ्यांसाठी सुंदर वस्तू करायला निघालेला माणूस शेवटी बंगलेवाल्यांचे दिवाणखाने सजवत राहिला. हा पेच मॉरिसबरोबर संपला नाही, पॉटरीच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा भेटतो.

एका पार्टीतून सुरू झालेली गोष्ट

बर्नार्ड लीच हा इंग्रज तरुण १९०९मध्ये जपानला गेला तो धातूच्या पत्र्यावर कोरून छापचित्रं काढायला शिकवण्यासाठी. १९११मध्ये तो टोकियोतल्या एका पार्टीला गेला. तिथे पाहुण्यांना कच्ची भांडी आणि रंग दिले होते. प्रत्येकाने आपलं भांडं रंगवायचं, झिलईत बुडवायचं आणि समोरच्याच छोट्या भट्टीत टाकायचं. थोड्याच वेळात लालबुंद तापलेली भांडी चिमट्याने बाहेर निघाली. लीच हरखला, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याने मातीला दिलं. म्हणजे आधुनिक स्टुडिओ पॉटरीची सुरुवातही एका वर्कशॉपमध्येच झाली म्हणा ना!

लीच तिथे एका पारंपरिक घराण्याच्या कुंभाराकडे शिकला. १९२०मध्ये तो शोजी हामादा या तरुण जपानी कुंभाराला सोबत घेऊन इंग्लंडला परतला आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, सेंट आइव्ह्ज या गावी दोघांनी ‘लीच पॉटरी’ सुरू केली. माती शोधण्यापासून भट्टी लावण्यापर्यंत सगळं एकाच माणसाच्या हाती, ही त्यांची कल्पना. कारखान्याने वेगळं केलेलं डोकं आणि हात त्यांना पुन्हा एकत्र आणायचे होते.

त्याच काळात लंडनमध्ये विल्यम स्टेट मरे नावाचा कुंभार अगदी दुसऱ्या वाटेने निघाला होता. तो आपल्या भांड्यांना चित्रांसारखी शीर्षकं द्यायचा, चित्रकारांच्या बरोबरीने गॅलरीत मांडायचा आणि किंमतही तशीच लावायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं: भांडं हीसुद्धा कला आहे, मग तिला कलेसारखंच वागवा. लीचला वाटायचं की भांडं रोज हातात आलं पाहिजे, त्यातून चहा प्यायला गेला पाहिजे. म्हणून त्याच्या पॉटरीत पुढे ‘स्टँडर्ड वेअर’ सुरू झालं: रोजच्या वापराच्या वाट्या, बशा, जग, त्यातल्या त्यात परवडणाऱ्या दरात. ती प्रामुख्याने शिकाऊ मंडळी घडवत आणि त्यांवर पॉटरीचा शिक्का असे. लीचच्या स्वतःच्या हातच्या भांड्यांवर त्याचा स्वतःचा शिक्का. एकाच छपराखाली, एकाच भट्टीतून निघणाऱ्या मालात पुन्हा दोन प्रती झाल्याच.

लीचने १९४०मध्ये ‘अ पॉटर्स बुक’ लिहिलं आणि ते जगभरच्या हौशी कुंभारांचं जणू पाठ्यपुस्तक झालं. आज आपल्या वर्कशॉप्समध्ये दिसणारे मातकट, ठिपक्यांचे, किंचित ओबडधोबड मग बघितलेत ना? त्या चवीच्या मागे लीच आणि हामादा आहेत.

अनामिकाचं कौतुक, पण कुणाच्या नावाने?

लीचचा मित्र सोएत्सु यानागी हा विचारवंत आणि संग्राहक. १९२५च्या सुमारास त्याने हामादा आणि कांजिरो कावाई यांच्यासोबत ‘मिंगेइ’ हा शब्द घडवला. अर्थ: लोकांची कला. साध्या माणसांनी साध्या माणसांसाठी, नावाचा विचार न करता केलेल्या रोजच्या वस्तूंत खरं सौंदर्य असतं, असं यानागी म्हणायचा. १९३६मध्ये टोकियोत त्याने अशा वस्तूंचं संग्रहालयही उभं केलं.

यानागीचा लाडका दाखला म्हणजे ‘किझाएमोन’ नावाचा चहाचा वाडगा. क्योतोतल्या दाइतोकुजी देवळाच्या परिसरात, पेटीत पेटी, तिच्यात पेटी अशा थाटात जपून ठेवलेला हा वाडगा त्याने १९३१मध्ये बघितला. जपानच्या चहासमारंभाच्या जगात हा वाडगा म्हणजे शिखर, आज राष्ट्रीय ठेवा. आणि आहे काय? यानागीच्या मते सोळाव्या शतकातल्या कोरियातला एक साधा भाताचा वाडगा! कुणा गरीब कुंभाराने दिवसभरात घडवलेल्या ढिगातला एक. जाडाभरडा, झिलई ओघळलेली, चिरा गेलेल्या. त्या बेफिकीर साधेपणामुळेच तो सुंदर आहे, असं यानागीने लिहिलं.

इथे जरा थांबा. या वाडग्याला नाव आहे. ते कुणाचं? किझाएमोन हा ओसाकाचा व्यापारी, वाडग्याचा एके काळचा मालक. ज्याने तो घडवला त्या कोरियन कुंभाराचं नाव कुणालाच माहीत नाही.

यानागीच्या विचारात मोठी ताकद होती. झाडू, टोपली, मडकं यांच्याकडे मान वर करून बघायला त्याने शिकवलं. पण अनामिक कारागिराचे गोडवे गाणाऱ्या मंडळींची स्वतःची नावं मात्र जगभर झाली. हामादाने मशिको या कुंभारांच्या गावात बस्तान बसवल्यावर भांड्यांवर सही करणं सोडलं, हे तत्त्वाला धरूनच होतं. पण त्याची भांडी ज्या लाकडी पेटीतून जायची तिच्यावर त्याची सही असायची. १९५५मध्ये जपान सरकारने त्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. कावाईने मात्र असे सन्मान नाकारले.

शिवाय यानागी जेव्हा कोरियन कुंभारांच्या भोळेपणाबद्दल भरभरून लिहीत होता, तेव्हा कोरिया जपानच्या टाचेखाली होता. त्याचं कोरियन कलेवर मनापासून प्रेम होतं, तिच्यासाठी त्याने सोलमध्ये संग्रहालयही काढलं. तरीही ‘त्यांना कळत नाही ते काय करतात, म्हणूनच ते सुंदर करतात’ हे राज्य करणाऱ्या देशातल्या माणसाने म्हणावं, यावर पुढच्या अभ्यासकांनी बोट ठेवलंच. आपल्याकडेही ‘खेड्यातले कारागीर किती निरागस’ असं कुणी म्हणालं, की किझाएमोन आठवा. करणाऱ्याला आपण काय करतोय ते चांगलं कळत असतं. फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

तोंड बंद केलेलं मडकं

दुसऱ्या महायुद्धानंतर काही कुंभारांनी वेगळाच पवित्रा घेतला: भांडं उपयोगी असलंच पाहिजे, हा नियमच मोडायचा. क्योतोत १९४८मध्ये ‘सोदेइशा’ नावाचा तरुणांचा गट निघाला. त्यातल्या काझुओ यागीने १९५४मध्ये एक वस्तू केली: चाकावर घडवलेलं उभं कडं आणि त्याला बाहेरून फुटलेल्या छोट्या छोट्या नळ्या. नाव दिलं, ‘मिस्टर सामसाची पायपीट’. काफ्काच्या कथेत सकाळी उठून किडा झालेला तो ग्रेगोर सामसा! साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको. त्यात पाणी भरता येत नाही की फुलं ठेवता येत नाहीत. पण ते चाकावरच झालंय. कुंभारकामाने कुंभारकामाशीच घातलेला हा वाद. त्याच दशकात लॉस एंजेलिसमध्ये पीटर वूल्कस उत्तम घडवलेली भांडी चिरायचा, ठोकायचा, एकावर एक रचून धिप्पाड शिल्पं करायचा.

लंडनमध्ये नाझींच्या भीतीने व्हिएन्नाहून १९३८मध्ये पळून आलेली ल्यूसी री सिरॅमिकची बटणं बनवून पोट भरत होती. तिचे नाजूक, पातळ काठाचे वाडगे पुढे संग्रहालयांत गेले. गंमत म्हणजे तिच्या बटणांवरही जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाके लट्टू झाला आणि १९८९च्या कलेक्शनमध्ये त्याने ती वापरली. पोटासाठी केलेलं काम कुठलं आणि कलेसाठी केलेलं कुठलं, हे वर्षांनंतर असं उलटसुलट होतं.

तरीही कलेच्या जगाने मातीला दारातच उभं ठेवलं. विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या कलाकृतींपैकी एक म्हणजे मार्सेल दूशाँची ‘फाउंटन’. १९१७मध्ये त्याने दुकानातून मुतारीचं भांडं आणलं, त्यावर टोपणनावाने सही केली आणि प्रदर्शनाला पाठवलं. ते भांडं चिनी मातीचंच होतं. कारखान्यात कुणीतरी ते घडवलं, भाजलं. पण कला ठरली ती सहीमुळे. त्यानंतर २००३मध्ये ब्रिटनचा मानाचा टर्नर पुरस्कार ग्रेसन पेरी या कुंभाराला मिळाला. पेरी झगमगीत फ्रॉक घालून पुरस्कार घ्यायला आला होता. पण आपल्या फ्रॉकपेक्षा आपण कुंभार असणंच कलाजगताला पचायला जड गेलं, अशा अर्थाची कोपरखळी त्याने मारली होती.

नोटेवरची कुंभारीण

या सगळ्या नावांच्या गर्दीत एक नाव वेगळं आहे: लाडी क्वाली. नायजेरियातल्या क्वाली गावची बाई. तिथल्या परंपरेप्रमाणे ती चाक न वापरता भांडी घडवायची. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, भांड्याभोवती स्वतःच गोल फिरत. चाक फिरायचं त्याऐवजी बाई फिरायची! मग त्यावर सरडे, मासे, साप कोरायचे.

लीचचा पहिला शिष्य मायकल कार्ड्यू सरकारी नोकरीवर नायजेरियात गेला होता. अबुजाच्या अमीराच्या वाड्यात त्याने लाडीची भांडी बघितली. १९५४मध्ये त्याने काढलेल्या प्रशिक्षण केंद्रात लाडी दाखल झाली, तिथली पहिली स्त्री. तिच्या घागरींवर तिथे झिलई चढली, त्या जास्त तापमानाला भाजल्या गेल्या आणि लंडनच्या प्रदर्शनात पोचल्या. परदेशातल्या मंचांवर ती भांड्याभोवती फिरत घागर घडवून दाखवायची आणि लोक बघत राहायचे. आज नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर ती आहे.

हा विजयच आहे. पण तिच्या गावात तिच्याइतक्याच तयारीच्या इतर बायका असणारच. त्यांच्या घागरी बाजारात विकल्या गेल्या, पाणी भरता भरता फुटल्या. लाडीला नाव मिळालं कारण तिचं काम योग्य वाड्यात, योग्य माणसाच्या नजरेस पडलं. हात तोच, पण दार उघडावं लागतं आणि दाराची किल्ली बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खिशात असते.

आपल्याकडचं चाक

आता मुंबईत या. १८५७मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ला शिल्प शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग तरुणपणी इंग्लंडच्या कुंभारकामाच्या मुलखात, स्टॅफर्डशायरमध्येच काम करत होते. भावी पत्नी त्यांना भेटली ती तिथल्या रुडयार्ड तलावाकाठी, म्हणून मुलाचं नाव रुडयार्ड. ‘जंगल बुक’वाला हाच. १८७०च्या दशकात जेजेतच जॉर्ज टेरी यांनी पॉटरीचं काम सुरू केलं. त्यासाठी सिंधमधले कुंभार आणले, नक्षीसाठी अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेतला. ‘बॉम्बे स्कूल पॉटरी’ म्हणून ती भांडी परदेशात पोचली. त्यांची ओळख आजही शाळेच्या आणि टेरींच्या नावाने सांगितली जाते. चाकावरच्या हातांची नावं शोधावी लागतात.

पुढे १९१९मध्ये गुरचरण सिंग हे शीख तरुण जपानला सिरॅमिक शिकायला गेले. तिथे लीच, हामादा, यानागी या मंडळींशी त्यांची दोस्ती झाली. दिल्लीत मात्र निळ्या झिलईचं काम त्यांनी पठाण कुंभारांकडून उचललं. १९५२मध्ये त्यांनी ‘दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी’ काढली आणि भारतातल्या स्टुडिओ पॉटरीचे जनक म्हणून त्यांचं नाव झालं. पुण्याच्या निर्मला पटवर्धन शांतिनिकेतनात शिकल्या, जर्मनीत शिकल्या, लीच पॉटरीतही काम करून आल्या आणि झिलईच्या प्रयोगांत रमल्या. ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ हे त्यांचं पुस्तक म्हणजे भारतीय कुंभारांसाठी पाककृतींची वहीच.

वर्ध्याच्या सेवाग्राममध्ये १९४४पासून देवीप्रसाद हे शांतिनिकेतनचे चित्रकार मुलांना कला शिकवत. गांधीजींच्या नई तालीममध्ये हाताचं काम हेच शिक्षण. तिथे कलाकार आणि कारागीर अशी वेगळी बाकंच नव्हती. देवीप्रसाद स्वतः पुढे नावाजलेले कुंभार झाले.

पण बघा, ही बरीचशी मंडळी कुंभारकाम ‘निवडून’ त्यात आली. जन्माने कुंभार असलेल्यांचं काय? म्हणून भाईंदरच्या ब्रह्मदेव राम पंडित यांचं नाव महत्त्वाचं. बिहारमधल्या पारंपरिक कुंभार घरात जन्मलेला हा माणूस मुंबईलगत स्टुडिओ थाटतो, स्टोनवेअरमध्ये स्वतःची शैली उभी करतो आणि २०१३मध्ये पद्मश्री मिळवतो. रेघ ओलांडता येते, हे त्यांनी दाखवलं. ती ओलांडायला किती कष्ट पडतात, हे अशी नावं बोटांवर मोजण्याइतकी आहेत यावरून कळतं.

तीन मंत्रालयं, एक माती

गंमत वाटेल, पण आपल्याकडे ही रेघ सरकारी कागदावरही आहे. ललित कला अकादमी संस्कृती मंत्रालयाकडे. हस्तकला वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगामार्फत चालणारं गावचं कुंभारकाम सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाकडे. म्हणजे तुमची माती कुठल्या खिडकीत गेली त्यावर तुम्ही कलाकार, शिल्पगुरू की लाभार्थी, हे ठरणार!

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. धारावीचा कुंभारवाडा घ्या. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती १९३०च्या दशकापासून तिथे आहे. घर तेच कारखाना, अंगणात सामायिक भट्ट्या, गल्लीत वाळत घातलेली मडकी. मुंबईच्या दिवाळीतल्या असंख्य पणत्या इथून निघतात. आता धारावीच्या पुनर्विकासाचं घोंगडं पुढे सरकतंय. कुंभाराला तळमजला लागतो, ओली माती ठेवायला जागा लागते, ऊन लागतं, भट्टीला मोकळं आकाश लागतं. पंधराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चाक एक वेळ बसेल, भट्टी कुठे लावणार? कुंभारवाडा ‘कला’ मानला गेला तर तो वारसा ठरतो, जपायचा विषय ठरतो. नुसता ‘धंदा’ मानला गेला तर चौरस फुटांचा हिशेब केला की काम संपलं. रेघ कुठून जाते त्यावर माणसांची घरं ठरतात, ती अशी.

आजीची परीक्षा

मग आपण काय करायचं? पहिलं म्हणजे बघायला शिकायचं. माठ घेताना आजी काय करते आठवा. ती बोटाच्या पेराने माठावर टिचकी मारते. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला, बद्द वाजला तर कच्चा नाहीतर कुठेतरी चीर. ही शुद्ध समीक्षा आहे. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्टही हीच. मुक्ताईच्या सांगण्यावरून त्यांनी मडकी थापटायच्या थापटण्याने जमलेल्या संतांची डोकी वाजवून बघितली आणि नामदेव रागावले तेव्हा ‘हे मडकं कच्चं’ असा निकाल दिला. संतांच्या मेळ्यात परीक्षक म्हणून बसला तो कुंभार, आणि त्याचा शब्द मानला गेला.

तुम्हीही भांडं हातात घ्या. दिसतं त्यापेक्षा जड लागतं का? काठ ओठाला कसा लागतो? जगमधून पाणी ओतल्यावर शेवटचा थेंब खाली ओघळतो की तुटून पडतो? उलटं करून बूड बघा, घाई तिथे लपत नाही. आणि भांडं कशासाठी आहे ते विचारात घ्या. स्टुडिओतला स्टोनवेअरचा मग १२०० अंशांच्या वर भाजतात, म्हणून तो पाणी पीत नाही. माठ मुद्दाम कमी तापमानाला भाजतात. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार पडतं. माती किती मळायची, त्यात राख किंवा लीद किती, भिंत किती पातळ थापटायची, हे ज्ञान पिढ्यांनी साठवलेलं आहे. माठ म्हणजे स्वस्तातला मग नव्हे. ते वेगळंच, तितकंच अवघड काम आहे.

दुसरं, नाव विचारायचं. पुढच्या दिवाळीत पणत्या घेताना एवढंच विचारा: कुणी केल्या? कुठल्या गावच्या? माती कुठून येते? स्टोरी टाकलीत तर कॅप्शनमध्ये ते नाव लिहा. स्टुडिओवाल्याला टॅग करतोच ना आपण?

तिसरं, दर. स्टुडिओतल्या मगवर घासाघीस करत नसाल तर पणतीवरही करू नका. आणि वर्कशॉपला जरूर जा. माती मधोमध आणताना हात किती थरथरतात हे एकदा अनुभवलंत, की ‘मातीच्याच तर आहेत’ हे वाक्य तोंडातून सहज निघणार नाही.

बघायला जायचंय?

● डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, भायखळा, मुंबई: ‘बॉम्बे स्कूल पॉटरी’ इथे बघायला मिळते. नक्षीत अजिंठा शोधा.

● कुंभारवाडा, धारावी: दिवाळीच्या महिना-दीड महिना आधी कामाची धांदल असते. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या आणि रिकाम्या हाती परतू नका.

● सेवाग्राम आणि मगन संग्रहालय, वर्धा: हातकामाला शिक्षण मानणारा विचार जिथे रुजला ती जागा.

● तुमच्या गावची कुंभार आळी: बहुतेक जुन्या गावांत असतेच. पत्ता आजीला विचारा.